एक स्विच ऑफ केला की झालं?

माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे शुद्धलेखन प्लीज सांभाळून घ्या. पण हे मराठीतच सांगायचं होतं, कारण चूक मी मराठीतच केली.

माझ्या मामाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं. मी पडले इलेक्ट्रिकलची, म्हणून फॉल्ट शोधायला बसले. सापडला! कॉक्स-२ नावाचं एन्झाइम. निरोगी आतड्यात ते फारसं नसतं, पण १९९४ मध्ये शास्त्रज्ञांना आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ते वाढलेलं दिसलं. ते प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन बनवतं. त्यामुळे पेशी वाढत राहतात, मरायच्या वेळी मरत नाहीत आणि गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या येतात. अ‍ॅस्पिरिन हे एन्झाइम बंद करतं. मग काय, मी लगेच मामीला फोन केला. तिने गोळी सुरूसुद्धा केली!

डॉक्टर जाम चिडले. नुकतंच ऑपरेशन झालेलं, अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव झाला असता तर?

नंतर पुढचं वाचलं. फक्त कॉक्स-२ बंद करणारी रोफेकॉक्सिब ही गोळी आतड्यातल्या गाठी परत येऊ नयेत म्हणून तपासून पाहत होते. गाठी कमी झाल्या, पण १८ महिन्यांनंतर हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोक वाढलेले दिसले. सप्टेंबर २००४ मध्ये गोळी बाजारातून मागे घ्यावी लागली. कारण रक्तवाहिन्यांमध्ये हेच एन्झाइम गुठळी रोखणारं रसायनही बनवतं. म्हणजे एकाच स्विचवर दोन खोल्यांचे दिवे!

अ‍ॅस्पिरिन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. २०२५ मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या अभ्यासात ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. पण कुणात? ज्यांच्या गाठीत ठराविक जनुकीय बदल होते, त्यांच्यात. आधी टेस्ट, मग गोळी. मामाचीही टेस्ट आता डॉक्टर करणार आहेत.

आणि आपण हॉस्टेलवाले? सबमिशनच्या रात्री पाठ दुखली की शेजारच्या रूममधून डायक्लोफेनॅक मागतो, तेही उपाशीपोटी. तीही याच एन्झाइमवर काम करते, आणि पोटाचं अस्तर सांभाळणाऱ्या कॉक्स-१ वरसुद्धा. सर्किट डायग्राम न बघता लॅबमध्ये वायर काढली तर सर बाहेर काढतात. मग स्वतःच्या शरीरात तेच कसं चालतं? निदान डॉक्टरांना एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.