तांबडा दिवा लागला म्हणून लगेच इंजिन उतरवू नका

बेळगाव-खानापूर भागातून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या पिकअप काही सगळ्या नव्या नसतात. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून जुनी टाटा 207 किंवा बोलेरो पिकअप सांभाळून वापरणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. अशा गाडीत ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकू लागला की गॅरेजमधून बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक, “इंजिन गेले, उतरवावे लागेल.” दुसरा, “जाड ऑइल घाला, चालेल अजून वर्षभर.” प्रेशर मोजल्यावाचून दिलेले हे दोन्ही सल्ले मानू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्याने शेतकरी विनाकारण कर्जात पडतो, दुसऱ्याने इंजिन खरोखरच मरते.

प्रथम एक गोष्ट पक्की करावी. चालू गाडीत दिवा लागून राहिला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे. “पुढच्या गावापर्यंत नेऊ” हा विचार फार महागात पडतो. ऑइलाविना बेअरिंग चिकटायला काही मिनिटे पुरतात. गाडीला टर्बो असेल तर त्याहूनही कमी, कारण त्याची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि ती ऑइलाच्या पातळ थरावरच तरंगत असते.

ऑइलचे प्रेशर कमी का होते हे ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला समजावणे कठीण नाही. मोटर पाणी ढकलते. प्रेशर येते ते पुढची वाट अरुंद असते म्हणून. लॅटरल चार ठिकाणी फुटली तर मोटर ठणठणीत असूनही शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. फुटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने भरली तर नळ्या शाबूत असूनही तीच गत, आणि सक्शनच्या जोडातून हवा ओढली जात असेल तरीही तीच. इंजिनात विहिरीच्या जागी खालचे चेंबर, फुटव्हॉल्व्हच्या जागी त्यातली जाळी, मोटरच्या जागी ऑइल पंप आणि ड्रिपरच्या जागी क्रँकच्या बेअरिंगमधली बारीक फट समजावी. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ती झिजून वाढली की ऑइल सहज निसटते आणि प्रेशर पडते. शिवाय जादा प्रेशर सोडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकून तो उघडा राहिला तर पंपाने ढकललेले ऑइल परत चेंबरमध्येच जाते. म्हणजे दिवा एक, कारणे अनेक. त्यांतल्या काहींचा खर्च एका स्विचएवढा, काहींचा पुऱ्या इंजिनाचा.

मग सुरुवात कुठून करावी? डिपस्टिकपासून. गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी. ऑइल कमी असेल तर घाटातल्या वळणावर व चढावर ते एका बाजूला जाते, जाळी उघडी पडते आणि दिवा तेवढ्यापुरता लुकलुकतो. ऑइल न घालताच पातळी वाढलेली दिसली आणि वासही डिझेलचा आला, तर कुठून तरी डिझेल मिसळून ऑइल पातळ झाले आहे. त्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर आत पाणी शिरले आहे. या दोन्ही प्रकारांत गाडी पुन्हा चालूच करू नये. गळती शोधून ऑइल बदलल्यावरच पुढचे पाहावे.

नंतर दिव्याची परीक्षा. किल्ली फिरवली की दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच थोड्या सेकंदांत विझला पाहिजे. जुन्या गाड्यांत ऑइल स्विचला बहुधा एकच वायर असते. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी व ती वायर काढावी. तरीही दिवा जळत राहिला तर वायर कुठे तरी पत्र्याला घासून अर्थ झाली आहे, इंजिनाचा काही दोष नाही. वायर काढल्यावर दिवा विझला तर वायर ठीक एवढेच सिद्ध होते. स्विच खोटे बोलतो की खरेच प्रेशर कमी आहे, हे अजून ठरायचे आहे.

ते ठरते फक्त मापीने. स्विच काढून त्याच्या जागी काट्याची प्रेशर मापी बसवायची आणि इंजिन थंड असताना एकदा व चांगले गरम झाल्यावर एकदा, आयडलिंगला आणि रेस देऊन, असे चार आकडे घ्यायचे. काम अर्ध्या तासाचे. खरा आकडा गाडीच्या पुस्तकातलाच मानावा. पण ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनाला दर 1000 फेऱ्यांमागे निदान 0.7 किलो प्रेशर हवे. दिव्यावर यासाठी विसंबता येत नाही, कारण तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आल्यावर लागतो. दिवा विझलेला आहे याचा अर्थ सर्व कुशल आहे असा नव्हे.

चार आकडे हाती आले की पुष्कळ उलगडा होतो. थंड असताना उत्तम, गरम झाल्यावर आयडलिंगला कमी, पण रेस दिली की वाढते, असे असेल तर ऑइल फार पातळ आहे किंवा बेअरिंग झिजले आहेत. थंड-गरम, सावकाश-जोरात, सगळीकडे कमीच असेल तर आधी पंप, व्हॉल्व्ह, जाळी आणि सक्शनचा जोड यांच्याकडे पाहावे. सुरुवातीला चांगले, काही मैल गेल्यावर पडते आणि गाडी उभी केल्यावर पुन्हा येते, असे असेल तर आमचा पहिला संशय जाळीवर राहील. वेळेवर ऑइल न बदलल्याने साचलेला काळा गाळ जाळीला येऊन चिकटतो आणि इंजिन थांबले की पुन्हा खाली बसतो.

यांपैकी काहीही असले तरी पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल आणि चांगला फिल्टर घालून एकदा पुन्हा मोजावे. एवढ्याने भागले नाही तर चेंबर उतरवावे. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी इंजिन काढावे लागत नाही. तळाशी धातूची चमक दिसते का ते पाहावे, जाळी धुवावी, पंप तपासावा, बेअरिंगची एखादी टोपी सोडून आतली पाटी पाहावी. तिच्यावर तांबे दिसू लागले असेल तर इंजिनाचे काम टळत नाही हे मान्य करावे. (निघालेले काळे ऑइल बैलाच्या जखमेला लावण्याची जुनी सवय सोडावी, आणि ते ओढ्यात तर ओतूच नये.)

इथे एक धोका सांगणे भाग आहे. खालून ठोका येत असेल तर तो कोणत्या सिलिंडरचा हे ओळखण्यासाठी मिस्त्री चालू इंजिनात नोझलची नळी सैल करतात. जुन्या पंपाच्या इंजिनात जाणकाराने ते करावे, पण हात आणि तोंड दूर ठेवून. कॉमन रेल इंजिनात कदापि करू नये. तिथे डिझेल 1000 किलोहून अधिक दाबाने वाहू शकते. अशी धार बोटात शिरली तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढेच दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र डिझेल पसरत जाते आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते. हळद लावून घरी बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलात तात्काळ जाऊन दाबाने डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता जाड ऑइलाविषयी. त्याने दिवा विझतो हे खरे. पण फट तेवढीच राहते, आणि सकाळच्या थंडीत घट्ट ऑइल वर पोचायला उशीर लागून झीज वाढते. हाच उपाय गाडी विकतानाही केला जातो. कोणी तर दिव्याची वायरच कापून ठेवतो. म्हणून जुनी गाडी घेताना नुसत्या किल्लीवर दिवा लागतो का, ते आधी पाहावे.

दोष सगळा मिस्त्रींवर टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, खोलण्या-बांधण्याची मजुरी देते. नुसते तपासण्याचे पैसे मात्र कोणाला द्यावेसे वाटत नाहीत. “केलेस काय? पाहिलेस तर फक्त!” असे ऐकणारा मिस्त्री दुसऱ्या वेळी मोजायला का थांबेल? इंजिन उतरवण्यातच त्याची मजुरी सुटते. डॉक्टरने रक्तदाब मोजून औषध नको म्हटले तरी आपण त्याची फी ठेवतोच ना? मिस्त्रीलाही त्या अर्ध्या तासाचे पैसे आधी कबूल करावेत आणि चारही आकडे कागदावर लिहून मागावेत. तो कागद घेऊन दुसऱ्या गॅरेजातही विचारता येते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजल्यावर झीज किती वाढली तेही कळते.

मापी ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. बेळगावात हायड्रॉलिकचे सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. जुना स्विच सोबत नेऊन त्याच आट्याचा जोड मागावा. मापी, हातभर नळी आणि दोन-तीन जोड एका डब्यात मावतात. वाड्यावर चार पिकअप असतील तर चौघांत मिळून एक डबा पुरे.