‘पब्लिक स्कूल’ कुणाचे?

अमेरिकेत दहा-बारा वर्षे नोकरी करून यवतमाळास कायमचे परतणारे कुटुंब पूर्वी अपवादानेच आढळे. आता आई-वडिलांचे म्हातारपण, व्हिसाची कायमची टांगणी किंवा मुलींवर ‘आपले संस्कार’ व्हावेत ही इच्छा, अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने चार-दोन घरे परत येताना दिसतात. माझा जन्म शिकवण्यात गेल्यामुळे त्यांपैकी कुणीतरी माझ्याकडे येते आणि विचारते, ‘सर, मुलींसाठी इथली चांगली शाळा कोणती?’ या प्रश्नातील ‘चांगली’चा अर्थ आधीच ठरलेला असतो. शुल्काची तुलना झालेली असते, बसचा मार्ग विचारून झालेला असतो. नगरपरिषदेची शाळा मात्र त्या यादीत नसते. ती नाकारली गेली असे म्हणणेही बरोबर होणार नाही. नाकारण्यासाठी आधी तिचा विचार व्हावा लागतो.

अशा वेळी मी एक उलट प्रश्न विचारतो. तिकडे मुली कोणत्या शाळेत जात होत्या? उत्तर बहुधा एकच मिळते: ज्या वस्तीत घर भाड्याने घेतले, त्या वस्तीच्या सरकारी शाळेत. घरभाड्याचा करार आणि लशींची नोंद दाखवली की प्रवेश झाला. शुल्क नाही, देणगी नाही, आई-बापांची मुलाखत नाही. पिवळी बस कोपऱ्यावर येऊन मुलींना घेऊन जाई. हे सांगताना संकोच तर नसतोच, उलट थोडा अभिमान असतो. अमेरिकेतील दहांपैकी आठांहून अधिक मुले अशाच करांवर चालणाऱ्या शाळांत शिकतात आणि त्या शाळांना तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात.

या शब्दाचे आपल्याकडे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे ईटन आणि हॅरो, म्हणजे सरदारांच्या आणि धनिकांच्या मुलांची खासगी शाळा. तो नमुना १९३५ साली डेहराडूनला डून स्कूलच्या रूपाने आला आणि तिथून उतरत उतरत आज तालुक्याच्या गावातील पत्र्याच्या फाटकावर पोचला आहे. फाटकावर ‘पब्लिक’ लिहिलेले असते आणि आत फक्त शुल्क भरणाऱ्यालाच प्रवेश असतो. ज्या गृहस्थांनी सार्वजनिक या अर्थाचे पब्लिक स्कूल प्रत्यक्ष अनुभवले, तेच गृहस्थ यवतमाळात उतरताच इंग्रजी सरदारांचा अर्थ स्वीकारतात. विमानात बसताना आणि उतरताना माणूस तोच, मुली त्याच. मग मध्ये बदलले काय?

पहिले कारण सांगितले जाते ते इंग्रजीचे. हे कारण इथे तरी टिकत नाही. या मुलींना इंग्रजी येतेच, इतके की त्यांच्या शिक्षकांनी त्यांच्याकडून उच्चार दुरुस्त करून घ्यावेत. त्यांना कमी पडते ते मराठी. आजीशी बोलताना त्या अडखळतात, देवनागरी अक्षरे त्यांना चित्रांसारखी दिसतात. मुलींच्या गरजेवरूनच शाळा निवडायची असती, तर मराठी माध्यमाची शाळा ही त्यांची पहिली निवड ठरली असती. ज्या घराला इंग्रजीची गरज नाही तेही इंग्रजी शाळेचेच शुल्क भरते, याचा अर्थ तिथे भाषा विकत घेतली जात नाही. विकत घेतली जाते ती सोबत. आपल्या मुलीच्या बाकावर कोण बसणार नाही याची हमी घेतली जाते.

दुसरे कारण दर्जाचे. ते खरे आहे आणि ते नाकारण्याची भाबडी सवय आपल्या चळवळीने सोडली पाहिजे. २०१२ पासून कितीतरी वर्षे राज्यात शिक्षकभरती रोखून धरली गेली. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात माहिती भरण्याची कामे आणि निवडणुकीची कामे. मुलींचे स्वच्छतागृह असते, पण त्यात पाणी नसते. परतलेल्या बाईंनी हे पाहून तोंड फिरवले तर त्यांना वर्गशत्रू ठरवून आपले काम होणार नाही. प्रश्न असा आहे की, तोंड फिरवल्यावर त्या शाळेचे पुढे काय होते?

अर्थशास्त्रात याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या पुस्तकात नायजेरियातील रेल्वेचे कोडे सोडवले. मालमोटारींची स्पर्धा सुरू झाल्यावर रेल्वे सुधारायला हवी होती, पण ती बिघडतच गेली. कारण सेवेबद्दल जे सर्वांत जास्त चोखंदळ होते आणि ज्यांच्या तक्रारीला वजन होते, तेच ग्राहक आधी निघून गेले. उरलेल्यांचा आवाज कुणी ऐकत नव्हते, आणि तोटा तर सरकारी तिजोरी भरतच होती. हर्शमन यांनी हाच न्याय सरकारी शाळांना लावून दाखवला आहे. (आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेच्या मरणाची कारणे अनेक आहेत, पण जिल्ह्यातील वजनदार माणूस त्या गाडीत किती वर्षांपूर्वी शेवटचा बसला होता, हेही कुणीतरी शोधावे.) बाजारात गिऱ्हाईक दुकान बदलते तेव्हा जुना दुकानदार शुद्धीवर येतो, सार्वजनिक सेवेतून गिऱ्हाईक जाते तेव्हा व्यवस्थापनाची उलट सुटका होते. स्पर्धेने शाळा सुधारतील असे सांगणाऱ्या विद्वानांनी हा फरक कधी समजून घेतला नाही.

याच बाईंनी अमेरिकेत शाळेच्या पालक सभेत केक विकून ग्रंथालयासाठी पैसे उभे केलेले असतात. तिथल्या शिक्षणमंडळाच्या बैठकीत उभे राहून प्रश्न विचारलेले असतात. इथे त्याच बाई तिमाही शुल्क भरतात आणि फाटकाबाहेर उभ्या राहतात. शुल्कवाढ झाली की कुजबुजतात आणि भरतात. जी शाळा त्यांना अधिकाराने आत बोलावते ती मात्र त्यांनी सोडलेली असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करण्याचा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचा अधिकार या समितीचा. म्हणजे कायद्याने आवाज दिला आहे, पण तो ज्यांचे मूल त्या शाळेत आहे त्यांनाच. ज्याला अंदाजपत्रक वाचता येते, माहितीचा अर्ज लिहिता येतो, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसून बोलता येते, त्या माणसाचे मूल तिथे नाही. आणि जिचे मूल तिथे आहे ती आई त्या दिवशी कापूस वेचायला गेलेली असते. सभेला आली तर तिची मजुरी बुडते.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचे मला कारण नाही. तिथल्या शाळा पुष्कळ अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. १९७३ साली टेक्ससमधील पालकांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. तिथे शाळेचे शुल्क घराच्या किमतीत दडलेले असते एवढेच. खरा धडा फिनलंडचा आहे. त्या देशाने १९७० च्या दशकात सगळ्या मुलांना नऊ वर्षांच्या एकाच शाळेत आणले आणि त्या शिक्षणावर शुल्क आकारणेच बंद केले. आपल्याकडे हेच १९६६ साली कोठारी आयोगाने सांगितले होते. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. शेजारशाळेचा आणि समान शाळापद्धतीचा विचार १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने स्वीकारला, १९८६ च्या धोरणाने पुन्हा उच्चारला, आणि दोन्ही वेळा तो कागदावरच राहिला.

शेजारशाळेची आठवण सरकारला नंतर एकदा झाली, पण ती कशी झाली ते पाहा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. गरिबाने शेजारच्या शाळेत जावे, श्रीमंताने वाटेल तिथे जावे! मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तोच शासनकर्ता वर्ग २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करायला निघाला होता आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करायला निघाला. पट कमी का झाला हे विचारायचे नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दारे उघडणारा २०१२ चा कायदा कुणी केला हेही विचारायचे नाही.

या जिल्ह्यात पट कमी असणारी शाळा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवे. ती कोलामांच्या पोडावर असते, बंजाऱ्यांच्या तांड्यावर असते, पारध्यांच्या बेड्यावर असते. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत पोड मुळातच वीस-तीस घरांचा. तिथे पटावर साठ मुले येणार कुठून? कोलामी बोलणारे लेकरू मराठीच्या वर्गात येते तेव्हा त्याच्यासाठी तीच परदेशी शाळा असते. अमेरिकेहून आलेल्या मुलीची भाषेची अडचण ही घराघरात काळजीची गोष्ट होते आणि कोलामाच्या मुलीची तीच अडचण ‘गळती’ या शब्दात नोंदवून मोकळे होता येते. शाळा तीन कोस लांब गेली की मुलगा कदाचित सायकलवर जाईल. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीच राहील. आधीच आपल्या घरांतून मुलाला ‘कॉन्व्हेंट’ आणि मुलीला जिल्हा परिषद अशी वाटणी होत असते. ग्रामीण भागात सरकारी शाळांतील मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असल्याचे ‘असर’चे अहवाल देशभराबाबत दाखवत आले आहेत. म्हणून सरकारी शाळा बुडते तेव्हा आधी मुलगी बुडते. आदिवासी विकास विभाग तर निवडक आदिवासी मुलांचे शुल्क भरून त्यांना ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो. आपली आश्रमशाळा नामांकित नाही, असे प्रमाणपत्र सरकारने स्वतःच लिहून दिले आहे.

ज्या जिल्ह्यातील गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या समितीच्या अहवालावरून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, त्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेची ही गत आहे. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार केली होती की, शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते. आजचा वरचा वर्ग त्या पैशावरचे प्राथमिक शिक्षण नाकारतो, याला कुणी प्रगती म्हणेल. पण त्याबरोबर त्याने त्या पैशाचा हिशेब विचारणेही सोडले.

‘आमच्या मुलींवर प्रयोग का करावा?’ हा प्रश्न मला रागाने विचारला जातो. एकट्या घराला विचारला तर तो रास्त आहे. दोन मुलींनी शाळा सुधारत नाही आणि एका आईवर मी देशाचे ओझे टाकू इच्छित नाही. म्हणूनच हा प्रश्न सदिच्छेवर सोडता येत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला सांगितले होते की, सरकारी तिजोरीतून पगार घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांची मुले सरकारी प्राथमिक शाळेतच जातील अशी व्यवस्था करा. त्या निकालाची अंमलबजावणी झाली नाही. पण मागणी नेमकी कुठे करायची हे त्याने दाखवून दिले. राष्ट्रपतीचे आणि शिपायाचे मूल एका बाकावर, ही लोहियावाद्यांची जुनी घोषणा आपण अजून देतो. ती देणाऱ्या किती कार्यकर्त्यांची, आणि जिल्हा परिषदेच्या किती शिक्षकांची, मुले त्या बाकावर आहेत?

परदेशातून परतलेल्या घराला शिकवण्याआधी आपल्या पुढच्या जिल्हा मेळाव्यात एक ठराव यावा. जिल्हा परिषदेची किंवा नगरपरिषदेची उमेदवारी मागणाऱ्याचे, आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्याचे, प्राथमिक वयाचे मूल सरकारी शाळेत असावे. नसेल तर त्याने जूनच्या आत ते घालावे. या ठरावाला पहिला विरोध व्यासपीठावरूनच होईल आणि ‘ही व्यक्तिगत बाब आहे’ हे वाक्य उच्चारले जाईल. ते कोण उच्चारतो, याची नोंद कार्यवृत्तात नावानिशी व्हावी.