बाग कोणाची?

‘सार्वजनिक बाग’ म्हटले की डोळ्यांपुढे कोण येते? बाकावर बसलेले आजोबा, गप्पा मारणारे तरुण, खेळणारी मुले. मुलांमागे धावणारी आईही येते. पण काहीही न करता निवांत बसलेली बाई?

मुंबईतली भायखळ्याची बाग १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. नाव दिले व्हिक्टोरिया राणीचे; लोकांच्या तोंडी ती ‘राणीची बाग’ झाली. पुढे तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. पाटीवर बाईचे नाव राहिले. पण बाईला बागेत बसायचे तर मुलाचे, नवऱ्याचे, नाहीतर व्यायामाचे निमित्त लागते!

ही झाली महानगराची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातले आंधळगाव हे कोशाचे कापड विणणारे गाव. अशा गावात माग घरात, कांड्या भरणे घरात, चूलही घरात. विणकराचे नाव विचारले की पुरुषाचे सांगतात. सूत हाताळणारी बाई ‘घरीच असते’. तिने बाहेर पडायचे ते पाण्याला, बाजाराला, देवळात. नळ दारात आला, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण विहिरीवरच्या चार गोष्टीही संपल्या. त्यांच्या बदल्यात गावाने बाईला कोणती जागा दिली?

आपल्या कायद्यालाही ही निकड वाटलेली नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात बाग करणे हे ऐच्छिक काम आहे. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर! १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत घातली. पण ती बाईला वापरता येतील की नाही, हे यादी सांगत नाही.

म्हणून केवळ ‘बाग हवी’ एवढी मागणी पुरेशी नाही. दिवा हवा, स्वच्छ मुतारी हवी, पाणी हवे, वस्तीजवळ जागा हवी, आणि ती सर्व जातींच्या बायांना खुली हवी. वेगळे कुंपण घालून ‘महिला उद्यान’ दिले की बाकीचे गाव पुरुषांचेच, असे ठरू नये.

मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. पुढच्या सभेत रस्ता-गटारासोबत हाही विषय लिहून द्या. विसावा ही चैन नव्हे. दिवसभर राबणाऱ्या बाईचा तो हक्क आहे.