संगणक सुरू व्हायला वेळ लागतो तेव्हा

नाशिकमधल्या आमच्या सल्ला केंद्रातला संगणक देणगीतून आलेला. (कंपन्यांना जुना झालेला संगणक संस्थांना नवा असतो!) तो सुरू होईपर्यंत मारहाण सोसून आलेली बाई ताटकळत बसते. मग 'दुकानात टाकू या' असे कुणीतरी म्हणतेच. माझा याला विरोध आहे. त्यात बायकांचे पत्ते, अर्ज, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची कागदपत्रे असतात. ती परक्या हाती का द्यायची? शिलाई मशीन स्वतः खोलून तेल घालणाऱ्या आपण, हेही जमेल.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबले की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप'खाली, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. नको असलेले 'डिसेबल' करावेत. ते पुसले जात नाहीत. अँटीव्हायरस मात्र राहू द्यावा. तरी फरक पडला नाही, तर बहुधा जुनी, फिरणारी हार्ड डिस्क हे कारण असते. तिच्याऐवजी एसएसडी बसवली की बराच वेळ वाचतो. त्यासाठी कारागीर लागलाच तर त्याला केंद्रात बोलवावे, आधी माहितीची प्रत काढावी, आणि जुनी डिस्क आपल्याच कपाटात कुलपात ठेवावी. नुसते डिलीट केल्याने तिच्यातली नावे जात नाहीत.