जुने दगड व नवें मत्स्यालय

अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या भाच्याचें गेल्या महिन्यांत पत्र आलें. सहा वर्षांपूर्वीं घर बदलतांना त्यानें आपलें खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय मोडलें होतें. तें आतां मुलांच्या हट्टास्तव पुनः मांडावयाचें आहे. त्यांतील जुने प्रवाळदगड खोक्यांत भरून गॅरेजमध्यें ठेवलेले, ते खडखडीत वाळले आहेत. "मामा, आई म्हणते, मोठ्या पातेल्यांत एकदां खळखळून उकळून घे म्हणजे झालें. तसें करूं ना?" असा त्याचा प्रश्न होता.

आमच्या भगिनीचा सल्ला आपल्या घरांतील रीतीस धरूनच आहे. दूध, पाणी, बाळाची वाटी, सारें कांहीं आपण उकळून शुद्ध करतों. परंतु या एका बाबतींत ती रीत घातक आहे, म्हणून भाच्यास दिलेलें उत्तर वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रवाळदगडांवर झोअँथिड नांवाचे, फुलांसारखे दिसणारे लहान प्राणी वाढतात. त्यांपैकीं कांहींच्या अंगीं पॅलिटॉक्सिन हें अत्यंत जहाल विष असतें. १९७१ मध्यें मूर व शॉयर या शास्त्रज्ञांनीं हवाई बेटांतील अशाच एका प्राण्यापासून तें वेगळें काढल्याचें प्रसिद्ध केलें. नुसत्या उकळण्यानें त्याचा नाश होत नाहीं. उलट वाफेबरोबर तें घरभर पसरतें. असे दगड उकळल्यानें किंवा त्यांवर कढत पाणी ओतल्यानें माणसें श्वासाच्या विकारानें इस्पितळांत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सहा वर्षांपूर्वीं कोणत्या दगडावर काय वाढलें होतें, हें आज कोण सांगणार? म्हणून दगड उकळूं नयेत, भट्टींतही घालूं नयेत.

मग करावें काय? वाळलेला दगड निर्जीव दिसला तरी स्वच्छ नसतो. त्याच्या छिद्रांत मेलेले स्पंज व किडे सुकून बसलेले असतात. पाणी लागतांच ते कुजूं लागतात व अमोनिया निर्माण होतो. आणि समुद्राचें पाणी किंचित् क्षारधर्मी असल्यामुळें त्यांत अमोनिया गोड्या पाण्यापेक्षां अधिक विषारी ठरतो.

प्रथम दगड उघड्या हवेंत नेऊन ओले करावे, म्हणजे धूळ उडत नाहीं. हातमोजे, चष्मा व मुखपट्टी लावून ताठ ब्रशानें घासावे. नंतर सुवासरहित ब्लीच एक भाग व पाणी दहा भाग या मिश्रणांत एक-दोन दिवस बुडवून ठेवावे. पुष्कळ वेळां धुऊन उन्हांत पूर्ण वाळवावे आणि शेवटीं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यांत बुडवून उरलासुरला क्लोरिन घालवावा.

ब्लीचनें कुजणारा मळ जातो, फॉस्फेट मात्र जात नाहीं. माशांच्या खाद्यांतील फॉस्फेट या चुन्याच्या दगडास वर्षानुवर्षें चिकटत जातें, नव्या पाण्यांत सुटूं लागतें आणि शेवाळ माजतें. कित्येक जण यासाठीं दगडाचा वरचा थर हायड्रोक्लोरिक ॲसिडानें विरघळवितात. मुलेंबाळें असलेल्या घरांत आम्ही तो मार्ग सुचवीत नाहीं. ब्लीच व ॲसिड एकत्र आल्यास तर विषारी क्लोरिन वायु सुटतो. त्यापेक्षां खाऱ्या पाण्यांत दगड ठेवून पाणी वरचेवर बदलणें, हा धीमा पण निर्धास्त उपाय होय.

शेवटचें काम वाट पाहण्याचें. दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम सागरी क्षार घातलेलें पाणी पिंपांत भरावें, तें २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावें व पंपानें सतत फिरतें राखावें. धुतलेल्या दगडावर उपयुक्त जंतूही उरलेले नसतात, म्हणून बाजारांत मिळणारे जंतू व किंचित् माशांचें खाद्य पाण्यांत घालावें. हे जंतू अमोनियाचें नायट्राइट व त्याचें नायट्रेट करतात. यास कित्येक आठवडे लागतात. घातलेलें खाद्य कुजूनही अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकूं लागलीं, कीं मगच मासे आणावे.

आपल्याकडील वाचकांस एक सूचना. भारतांत दगडी प्रवाळांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत संरक्षण आहे. लक्षद्वीप किंवा अंदमानास गेल्यावर किनाऱ्यावरील प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलूं नये.

परवां भाच्याचें उत्तर आलें. पातेलें पुनः मांडणीवर गेलें असून आमच्या भगिनी नातवंडांकडून रोज सकाळीं पाण्याची परीक्षा करवितात व आंकडा दिनदर्शिकेवर लिहितात. धाकटा रोज विचारतो, "आजी, आज तरी मासे आणूं या?" आणि आजी म्हणतात, "अजून शून्य आलेलें नाहीं."