घोळणा फुटला, पण…

दिवाळीच्या अंकात कर्करोगाचा विषय काढला म्हणून वाचक भगिनींनी रागावू नये. चिवड्याची बशी जवळ घेऊन वाचले तरी चालेल.

एका निवृत्त मास्तरांचा घोळणा वरचेवर फुटू लागला. घरात ‘उष्णता’ ठरली. गुलकंद झाला, कांदा हुंगून झाला. अखेर नाकाच्या डॉक्टरांना आत लालभडक गाठ दिसली. “पूर्वी मोठे ऑपरेशन काही?” मास्तर म्हणाले, “छे!” तशी पत्नी हळूच म्हणाली, “अहो, बारा वर्षांपूर्वी मूत्रपिंड नाही का काढले तुमचे?” मास्तरांच्या लेखी ते प्रकरण केव्हाच मिटले होते. गाठ त्याच जुन्या रोगाची निघाली. बाईंनी आठवण दिली हे फार बरे झाले; अशा गाठीला नुसते टोचले तरी रक्ताची धार लागते.

मूत्रपिंडाचा कर्करोग पसरला तर बहुधा फुप्फुसांत, हाडांत, यकृतात किंवा मेंदूत जातो. पण भलत्याच घरी मुक्काम ठोकण्याची त्याला खोड आहे. थायरॉइड ग्रंथी, स्वादुपिंड, टाळूची कातडी, जीभ, नाक! आणि काळाचेही भान नाही. दहा काय, वीस वर्षांनीसुद्धा तो डोके वर काढतो.

तो इतक्या लांब जातो कसा? हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, आणि हा रोग तेथल्या शिरेतच वाढत शिरतो. सुटलेल्या पेशी बहुतेक फुप्फुसांच्या जाळीत अडकतात. पण पाठीच्या कण्याभोवती झडपा नसलेल्या शिरांचे एक जाळे आहे. अमेरिकेतील ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली त्याचे महत्त्व दाखवले. खोकताना, कुंथताना तिथले रक्त उलटेही वाहते, आणि एखादी पेशी फुप्फुसे टाळून आडवाटेने थेट डोक्याकडे जाऊ शकते. मग स्वादुपिंडच का, याला लंडनच्या स्टीफन पॅजेट यांचे १८८९ मधले उत्तर अजून चालते: बी चहूकडे पडते, रुजते मात्र मानवेल त्या मातीत. आपल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायला नको.

पसरला म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही. बार्नी आणि चर्चिल या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी मूत्रपिंड काढून फुप्फुसातली एकच गाठही काढल्याची हकिकत १९३९ साली छापली. तो रोगी पुढे तेवीस वर्षे जगला, आणि गेला तो हृदयविकाराने. गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या गोळ्या २००५-०६ पासून आल्या, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी नवी औषधे २०१५ पासून. गुण सर्वांनाच सारखा येत नाही, हेही खरे.

लघवीत रक्त एकदाच दिसले, दुखले नाही, तरी सोनोग्राफी करून घ्यावी. आणि जुन्या ऑपरेशनचे कागद रद्दीत घालू नयेत.

मास्तरांची गाठ निघाली. आता त्यांचे कागद कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी असतात, आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच ते सांगतात, “मूत्रपिंड एकच आहे हो!” परवा हे त्यांनी चष्म्याच्या दुकानदारालाही ऐकवले.