सणाची चप्पल चावते तेव्हा

ईद आठवड्यावर आली की पुण्याहून लोणावळ्याकडे येणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये माणसांपेक्षा पिशव्या जास्त दिसतात. कॅम्पातून, लक्ष्मी रोडवरून आणलेले कुर्ते, शरारे, पोरांचे पठाणी. कापड निवडायला तीन तास, शिंप्याकडे दोन फेऱ्या, ओढणीचा रंग जुळवायला आणखी एक. चपलेची पाळी येते शेवटच्या वीस मिनिटांत. इफ्तारची वेळ जवळ आलेली असते, गाडी पकडायची असते, आणि दुकानदार सांगतो, "घाला हो, दोन दिवसांत सैल होईल." दोन दिवस कुणाकडे असतात? घरी आणलेला जोड खोक्यात राहतो, आणि त्याची पहिली चाल ईदच्याच सकाळी होते.

त्या दिवशी चालणं किती होतं याचा हिशोब आपण करत नाही. पहाटे उठून नमाजला, तिथून कब्रस्तानात फातिहा पढायला, मग घरोघरी शिरखुर्मा. लोणावळा-खंडाळ्याचे रस्ते सपाट कुठे आहेत? गावठाणातून वलवणला किंवा तुंगार्लीला पायी जायचं म्हटलं तरी चढ-उतार आलाच. त्यात महिनाभर तरावीहला रोज रात्री उभं राहिलेले हे पाय. बहुतेक मशिदींत वीस रकात होतात, त्यामुळे ईदला पाय आधीच थकलेले असतात. त्यांना टोकदार, कडक मोजडीत कोंबणं म्हणजे थोडा अन्यायच.

मोजडीचं एक ध्यानात ठेवावं. जुन्या पद्धतीच्या मोजडीला डावा-उजवा नसतो. दोन्ही पाय सारखेच शिवलेले असतात आणि वापरता वापरता ज्याच्या त्याच्या पायाचा आकार घेतात. त्यामुळे ती खरेदी चाँदरातीची नाहीच, रमजानच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली आहे. घरात रोज अर्धा तास घालून फिरलं की टाच सांभाळते. बंदवाले बूट शेरवानीवर रुबाबदार दिसतात खरे, पण मशिदीच्या दारात मागे शंभर माणसं उभी असताना गाठ सोडत बसणाऱ्याला विचारा.

गेल्या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ ला ईद. यंदा १९ मार्चला पाडवा, आणि चंद्र दिसेल तशी एक-दोन दिवसांत ईद. म्हणजे चपलांच्या दुकानात पुन्हा एकदा दोन्ही घरची गर्दी एकत्र. शोभायात्रेत नऊवारी नेसून तापल्या डांबरावर दोन तास चालणारी मुलगी आणि शरारा घालून सहा घरं फिरणारी मुलगी, दोघींची संध्याकाळची तक्रार एकच असते. गंमत म्हणजे शरारा काय, साडी काय, पायघोळ असते. ज्या टाचेसाठी पाय सोसतो ती दिसते फक्त जिना चढताना. त्यातून बाईचं दुखणं दुप्पट, कारण पहाटेपासून ती ओट्यापाशीही उभी असते आणि पाहुणे आले की तीच उंच टाच घालून दारात हसत येते. घरातल्या पुरुषांनी खरेदीच्या वेळी "हीच घे, छान दिसते" म्हणण्याआधी "चालून बघ" म्हणावं.

पायाची कदर आपल्या मावळाला कुणी शिकवायला नको. इथून जवळच्या देहूतून तुकोबांची पालखी निघते ती पादुका घेऊन, आणि पंढरपूरपर्यंत पायी जाणारा वारकरी कोरी चप्पल घालून वाट धरत नाही. महिना-दीड महिना आधीपासून तो ती वापरून मऊ करतो. सणालाही हाच नियम लावायला काय हरकत आहे?

दोन्ही घरांना चालेल असा जोड हवा असेल तर कोल्हापुरीसारखा नाही. कुर्त्यावर चालते, धोतरावर चालते, नऊवारीवर तर शोभतेच. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, वर वेणी आणि बाजूला कान. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही. ओरड झाल्यावर ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं कंपनीने मान्य केलं. तेव्हा आपण सगळेच रागावलो होतो. पण हायवेच्या टपरीवर रेक्झिनची, खालून खिळे ठोकलेली "कोल्हापुरी" स्वस्तात मिळते म्हणून घेणारेही आपणच. कारागिराचा पोटावरचा घाव मिलानपेक्षा त्या टपरीवर जास्त बसतो असं मला वाटतं.

अस्सल कोल्हापुरीही नवी असताना चावते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली तेलाचा हात फिरवावा, रात्रभर मुरू द्यावं, आठवडाभर थोडी थोडी वापरावी. पाणी तिला सोसत नाही. वजू करून ओले पाय तसेच आत सरकवले की चामडं आधी फुगतं आणि मग वाळून कडक होतं. मशिदीत जाताना खिशात एक रुमाल ठेवला की काम भागतं. पावसाळ्यात तर लोणावळेकराने तिला माळ्यावरच ठेवावं.

एका बाबतीत मात्र मी हौसेच्या आड येणार. साखरेचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना सणासाठी कडक नवी चप्पल घेऊ नये. साखरेने पायाची जाणीव कमी होते, चावलेलं कळतच नाही. फोड येतो, फुटतो, आणि चार दिवसांनी मोजा काढताना जखम दिसते. अशी जखम लवकर भरत नाही, कधी कधी बोटावर बेतते. अब्बा-अम्मींना, आजी-आजोबांना रुंद पंजाची, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात, म्हणून माप तेव्हाच द्यावं, दोन्ही पायांचं आणि उभं राहून. ईदच्या रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली एकदा बघावेत.

काही घरांत ईदला जोड कोराच हवा असा हट्ट असतो. सांगितलं आहे ते आपल्याकडचं चांगल्यातलं चांगलं, स्वच्छ घालायला. चांगलं म्हणजे कोरं असं नव्हे. गेल्या वर्षीची पायाला बसलेली चप्पल पॉलिश करून, सुटलेली वादी शिवून घेतली तर ती ईदचीच चप्पल आहे. आणि वाचलेल्या पैशांत शेजारच्या एखाद्या पोराचा जोड होतो, फक्त तो चाँदरातीच्या आधी पोहोचवावा, म्हणजे त्यालाही घरात घालून बघता येईल. बाजारपेठेत फुटपाथवर बसणारे चपला शिवणारे काका या आठवड्यात सकाळी मोकळे असतात. चाँदरातीला त्यांच्यापुढे रांग लागते.